छोट्या क्रॉस कुत्र्याची मोडलेली खोड परत का येते?

"दोन महिने गप होतं, आता परत भुकू लालंय. काहून करतंय कळंना." लातूर-नांदेडकडं ज्यांच्या घरी छोटं कुत्रं आहे, त्यांच्याशी विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. भुंकण्याच्या जागी कुणाची तक्रार घरात शू करण्याची असते, कुणाची हात तोंडात धरण्याची, कुणाची चपला कुरतडण्याची. पण दुखणं एकच. खोड गेली म्हणून घरचे निवांत झाले आणि ती परत आली.

कुत्रं बहुतेक सहा-आठ किलोचं असतं. आई पॉमेरियन म्हणून विकत आणलेली आणि बाप गल्लीतला. किंवा तोंड पगसारखं, पाय डॅशहाउंडसारखे आखूड आणि शेपटी गावठी. (आपल्याकडं पॉमेरियन म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. खरं पॉमेरियन दोन-तीन किलोच्या आसपासचं असतं.) अशी कुत्री हुशार, तरतरीत आणि माणसाला लगटून राहणारी असतात. घरातल्या प्रत्येकावर त्यांची बारीक नजर असते, आणि खोड परत येण्याचं कारण तिथंच सापडतं.

कुत्र्याला एखाद्या वागण्यातून काही मिळत असेल तरच ते वागणं टिकतं. मिळणं म्हणजे फक्त खाणं नाही. जवळ येणं, उचलून घेणं, दार उघडणं, नको असलेलं माणूस निघून जाणं, अगदी ओरडून बोलणंसुद्धा त्याला मिळणंच वाटतं. घरातल्या चौघांनी लक्ष द्यायचं बंद केलं आणि पाचव्यानं आठवड्यातून एकदा दिलं, तर खोड मरत नाही, उलट घट्ट होते. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की कुत्रं लवकर नाद सोडतं. कधी मिळते, कधी नाही, अशी गोष्ट मात्र ते सोडत नाही. आज नाही तर उद्या मिळेल म्हणून प्रयत्न चालूच ठेवतं.

दुसरी गोष्ट. मिळणं बंद झालं की पहिले काही दिवस खोड कमी होत नाही, वाढते. ताटाजवळ बसून भुंकणाऱ्या कुत्र्याला तुकडा देणं बंद करा, ते आधी जोरात भुंकेल, मग मांडीवर पाय ठेवेल, मग पदर ओढेल. नेमकं याच वेळी घरातलं कुणीतरी वैतागून "दे बाबा त्याला एकदाचं" म्हणतं. झालं. आता कुत्र्याला कळलं की थोडं भुंकून भागत नाही, भरपूर भुंकावं लागतं. खोड पहिल्यापेक्षा दणकट होऊन परत आली, आणि घरचे म्हणतात शिकवून उपयोग नाही.

म्हणून शिकवण कुत्र्यापासून नको, घरापासून सुरू करा. एकत्र कुटुंबात हे अवघड जातं, ते मला ठाऊक आहे. आजीला तुकडा टाकल्याशिवाय घास उतरत नाही, आणि त्यात तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. तिला "देऊ नका" म्हणण्यापेक्षा कुठं आणि कधी द्यायचं ते सांगा. जेवण झाल्यावर, हात धुऊन, कुत्र्याच्या स्वतःच्या वाटीत, ते शांत बसलं असताना. आजीचं देणं राहतं, कुत्र्याचं मिळणं राहतं, फक्त भुंकण्याशी असलेला संबंध तुटतो. शब्दही सगळ्यांनी एकच वापरायचा. बाप "बस" म्हणतो, पोरगा "सिट" म्हणतो, आई "खाली बस की रं" म्हणते, तर ते बिचारं कुणाचं ऐकणार?

एक मात्र पक्कं करा. त्या वाटीत कालवणात भिजवलेली भाकरी नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतात, आणि सहा किलोच्या जिवाला थोडंही पुष्कळ होतं. द्राक्षं, मनुके, चॉकलेट ही तर अजिबात नको. नुसती कोरडी भाकरी किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो.

आधी दुखणं तपासा

खोड सावकाश आली असेल तर सवय असू शकते. चांगलं वागणारं कुत्रं चार-आठ दिवसांत बदललं, तर आधी पशुवैद्यकाकडं न्या. शिकवण नंतर.

छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बराच आढळतो. ओळखायची खूण सोपी आहे. पळता पळता मागचा एक पाय उचलतं, दोन-चार पावलं तीन पायांवर उड्या मारतं, मग काहीच झालं नाही असं पाय परत टेकवतं. घरच्यांना ती गंमत वाटते. अशा कुत्र्याला पोरांनी मागून कमरेला धरून उचललं की ते गुरकावतं, आणि सगळे म्हणतात तापट झालं. ते तापट झालेलं नसतं, त्याला दुखत असतं. दातांचंही तसंच. लहान जबड्यात दातांची गर्दी होते, कीट साचतं, हिरड्या सुजतात, आणि तोंडाजवळ हात नेला की ते झिडकारतं. कानात बुरशी किंवा पू झाला असेल तर डोक्यावरून हात फिरवलेला त्याला सहन होत नाही.

आपल्याकडं गोचीड हे मोठं कारण. गोचिडातून होणाऱ्या तापात कुत्रं मलूल होतं, खात नाही, कोपऱ्यात बसतं, हात लावला की चिडतं. बोटांच्या बेचक्या, कानाची आतली घडी आणि पट्ट्याखालची मान या तीन जागा रोज बघा. नाक ओलं की कोरडं यावरून ताप कळत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणून हाताला ते कायमच गरम लागतं. थर्मामीटरच लावावा लागतो. आणि ताप दिसला म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड बिघडू शकतं.

"हे असंच असतंय या जातीचं"

हे मान्य करून गप्प बसू नका. क्रॉस कुत्र्याचं तोंड बघून त्याचा स्वभाव सांगता येत नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. त्यात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून घेतली आणि दोन हजारांवर कुत्र्यांचं जनुकीय परीक्षण केलं. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीमुळं असतो असं निघालं. कल असतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्पिट्झच्या रक्ताला खुट्ट झालं की सांगावंसं वाटतं. डॅशहाउंड बिळात शिरून शिकार करण्यासाठी पैदा केलेलं कुत्रं, त्यामुळं त्याचं पिल्लू कुंड्या उकरणार. पण उरलेलं बरंच काही लहानपणी काय बघितलं आणि घरात काय चालतं यावर ठरतं.

लहानपणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला नवं माणूस, नवा आवाज, नवी जमीन सहज पचते. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून पिशवीतून आणलं, की दोन नुकसानं होतात. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे शिकायचं राहतं, आणि या काळात ते एका खोलीत बंद राहिलं तर पुढं काठी, टोपी, हेल्मेट, सगळ्याला भितं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी आणू नका. विकणारा "दूध तुटलंय" म्हणाला तरीही.

गेटवरचं भुंकणं

सगळ्यात जास्त परत येणारी खोड हीच, म्हणून इथं जरा थांबतो.

सकाळी घंटागाडी येते. तिचं गाणं गल्लीच्या टोकाला लागलं की कुत्रं उठतं, गेटच्या जाळीला नाक लावतं आणि गाडी पुढच्या चौकात जाईपर्यंत भुंकत राहतं. मग दूधवाला, पेपरवाला, पार्सल घेऊन आलेला पोरगा, पाण्याचा टँकर. कुत्र्याच्या बाजूनं बघा. मी भुंकलो, तो गेला. रोज भुंकलो, रोज गेला. घंटागाडीला पुढं जायचंच असतं हे त्याला कुठं माहीत? त्याच्या हिशोबात हा डाव दिवसातून दहा वेळा यशस्वी होतो. घरात तुम्ही कितीही शिकवा, गेट त्याला उलटं शिकवत राहतं. म्हणून दोन महिने गप राहिलेलं कुत्रं पावसाळा उघडल्यावर परत अंगणात बसायला लागलं की परत भुंकतं.

त्यात आपण आतून ओरडतो, "ए गप! गप म्हणलं ना!" आपला आवाज चढलेला, त्याचाही चढलेला. त्याला वाटतं घरचेही सोबत भुंकू लागले.

पहिलं काम शिकवण्याचं नाही, गेट झाकण्याचं. शेतात वापरतात ती हिरवी शेडनेट गेटच्या खालच्या दोन-अडीच फुटांना आतून तारेनं आवळा. छोटं कुत्रं आहे, एवढी उंची पुरते. रस्ता दिसायचा बंद झाला की भुंकण्याची निम्मी कारणं तिथंच संपतात. ज्या वेळी गल्लीत सगळ्यात जास्त वर्दळ असते त्या तासाभरात त्याला मागच्या बाजूला ठेवा. साखळीला बांधू नका. बांधलेल्या कुत्र्याला पुढंही जाता येत नाही, मागंही सरता येत नाही, त्यानं चिडचिड वाढते आणि भुंकणं चावण्याकडं झुकतं.

दुसरं काम जागेचं. एक जुनं गोणपाट चौघडी करून गेटपासून लांब, पण जिथून तुम्ही दिसाल अशा ठिकाणी टाका. दिवसभरात ते आपण होऊन त्यावर बसलं की काही न बोलता हरभऱ्याच्या दाण्याएवढा अंड्याचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढं टाका. दाणा एवढाच हवा. सहा किलोच्या कुत्र्याला मोठे तुकडे देत बसलात तर पोट भरतं, शिकणं संपतं आणि चरबी वाढते. चार-पाच दिवसांत ते गोणपाट बघितलं की स्वतः जाऊन बसायला लागतं. मग "जागेवर" हा शब्द जोडा. आधी ते बसायला निघालं की शब्द, पुढं शब्द आधी.

तिसरं काम आवाजाचं. घंटागाडीचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुपारी घर शांत असताना अगदी बारीक आवाजात लावा. इतक्या बारीक की कुत्र्याचा कान हलेल पण ते उठणार नाही. गाणं चालू आहे तोवर एकेक तुकडा, गाणं थांबलं की तुकडे बंद. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. दर दिवशी किंचित आवाज वाढवा. भुंकलंच तर आवाज जास्त वाढवला गेला, एवढाच त्याचा अर्थ. रागवायचं नाही, उद्या परत खाली यायचं.

भुंकायच्या आधीचा क्षण ओळखता आला पाहिजे. जालन्याकडच्या एका घरातली तांबूस-पांढरी कुत्री आठवते. ढाळजेत पसरलेली असायची, तोंड उघडं, जीभ बाहेर. रस्त्यावर पावलं वाजली की आधी तिचं तोंड मिटायचं. जीभ आत, श्वास बंद. मग कान पुढं, मग अंगाचा भार पुढच्या दोन पायांवर, आणि मग भुंकणं. तोंड मिटणं आणि भुंकणं यात फार तर एक-दीड सेकंद. घरची सून तेवढ्यात हळू आवाजात तिचं नाव घ्यायची. कुत्रीनं मान वळवली की "शाब्बास" आणि तुकडा. पहिल्या आठवड्यात दहातली दोन वेळा जमायचं. पुढं पुढं पावलं वाजली की कुत्रीच सुनेकडं बघायला लागली. भुंकणं सुरू झाल्यावर नाव घेऊन काही होत नाही, तेव्हा ते ऐकण्याच्या स्थितीत नसतं. त्या वेळी उठून शांतपणे त्याला आत घेणं हेच बरं.

रात्रीचं भुंकणं वेगळं. रात्री गच्चीवर किंवा अंगणात एकटं सोडलेलं कुत्रं गल्लीतल्या कुत्र्यांना उत्तर देतं, आणि ती त्याला. यावर शिकवणीचा उपयोग थोडा. घरात झोपवा. छोट्या कुत्र्याचं राखण म्हणजे सूचना देणं, आणि ती ते आतूनही देतं.

घरात शू करणं

पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला की साधारण तेवढे तास ते दिवसा दम धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे फार तर तीन तास, आणि छोट्या चणीच्या पिल्लाला त्याहून कमी. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं. बाहेर नेऊन सोडून द्यायचं नाही, सोबत उभं राहायचं आणि झाल्या झाल्या तिथंच तुकडा द्यायचा. घरात परत आल्यावर दिला तर ते बक्षीस घरात येण्याचं होतं.

खोड परत येण्याचं कारण बहुतेक वेळा फरशीत असतं. आपण फिनेल टाकून पुसतो. आपल्या नाकाला फिनेलचा वास येतो, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा लघवीचा वासही येतो आणि ते परत तिथंच जातं. आधी जुन्या सुती कपड्यानं किंवा वर्तमानपत्रानं दाबून दाबून सगळं टिपून घ्या, घासून पसरवू नका. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून ओता, दहा मिनिटं राहू द्या आणि टिपा. एन्झाइम असलेलं क्लीनर मिळालं तर त्याहून चांगलं. ज्या भागात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं बादल्या ओतून फरशी धुण्यापेक्षा हे कमी पाण्यात होतं. आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर, शू कमी व्हावी म्हणून कुत्र्याचं पाणी तोडू नका. मराठवाड्याच्या मे महिन्यात ते जिवावर बेतेल.

शू केलेल्या जागी नाक घासणं, मारणं याचा एकच परिणाम होतो. कुत्रं तुमच्या समोर शू करायचं थांबतं आणि कोठीच्या मागं, पलंगाखाली जाऊन करायला लागतं. बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, आत आल्यावर करतं. मग लोक म्हणतात मुद्दाम करतंय. ते भितंय.

दोन प्रकार शिकवणीच्या पलीकडचे आहेत. सहा महिन्यांच्या पुढचा नर उभ्या वस्तूवर थोडी थोडी शू करत असेल, म्हणजे मोटारसायकलचं चाक, पलंगाचा पाय, तुळशीवृंदावन, तर तो खुणा करतोय. गल्लीत मादी माजावर असली की हे वाढतं. नसबंदीनं पुष्कळांत कमी होतं, पण सवय जुनी असेल तर जागा साफ करणं आणि नजर ठेवणंही लागतं. दुसरा प्रकार, घरातलं मोठं माणूस आलं की कुत्रं अंग आकसून, कान मागं टाकून, शेपटी हलवत तिथंच शू करतं. ती घाबरून किंवा अति आनंदानं झालेली असते, त्याच्या ताब्यात नसते. अशा वेळी वाकून डोक्यावर हात ठेवू नका. आल्यावर दोन मिनिटं त्याच्याकडं बघू नका, मग बाजूनं बसा आणि त्याला येऊ द्या.

दूध-भाकरीवर वाढलेल्या मोठ्या कुत्र्याला पातळ होत असेल आणि म्हणून घरात घाण होत असेल, तर दूध बंद करून बघा. मोठ्या वयात पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. आणि नीट शिकलेलं कुत्रं अचानक घरात शू करायला लागलं, त्यातही पाणी जास्त पीत असेल, तर लघवीची तपासणी करून घ्या.

गुरगुरणं आणि चावणं

छोट्या कुत्र्याच्या गुरगुरण्याला घरात हसतात. मोठं कुत्रं असं करतं तर कुणी हसलं नसतं. पिल्लू वाटीवरून गुरगुरतं, पोरं मुद्दाम वाटी ओढून त्याला गुरगुरायला लावतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात. सहा महिन्यांनी तेच पिल्लू चावतं.

गुरगुरण्याबद्दल मारू नका. हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो. गुरगुरणं म्हणजे "इथून पुढं नको" असं त्यानं सांगणं. मारून ते बंद करता येतं, पण आतली भीती तशीच राहते. मग कुत्रं न सांगता चावतं, आणि लोक म्हणतात, "काहीच नव्हतं, एकदम चावलं." गुरगुरण्याच्याही आधी ते सांगत असतं. ओठ चाटणं, जांभई देणं, तोंड फिरवून डोळ्याच्या कडेनं बघणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम ताठ होणं. घरातल्या पोरांना या खुणा शिकवा. त्यांना लवकर येतात.

वाटी राखणाऱ्या कुत्र्यासाठी रोजचा एक धडा. ते खात असताना चार-पाच हात लांबून जा, वाटीतल्यापेक्षा चांगलं काहीतरी वाटीजवळ टाका आणि निघून जा. थांबायचं नाही, हात लावायचा नाही. तुम्हाला येताना बघून ते मान वर करून शेपटी हलवायला लागलं की मग अर्धं पाऊल जवळ. यात घाई केली की खोड परत येते. पळवलेली वस्तू तोंडातून ओढून घेऊ नका, बदल्यात काही द्या. ओढून घेतलं की पुढच्या वेळी ते गिळून टाकतं.

तीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, हात धरणं आणि चपला कुरतडणं होणारच. थंड गाजर किंवा ओलं करून फ्रीजरमध्ये गोठवलेलं सुती फडकं द्या. शिजवलेलं हाड नको, त्याच्या चिरफळ्या होतात. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कळणार नाही. हात धरला तर ओरडू नका, हात सैल सोडा, खेळ थांबवा आणि उठून जा.

पिल्लाचा दात लागला, ओरखडा आला, रक्त आलं नाही, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. मिरची, चुना, हळद काही लावू नका. लस घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. घरचं कुत्रं आहे, छोटं आहे, म्हणून सोडून देऊ नका. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसायला लागली की जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं. कुत्र्याची लस तिसऱ्या महिन्यापासून सुरू होते आणि पुढं नेमानं द्यावी लागते. लस न दिलेलं कुत्रं अचानक बदललं, आवाज घोगरा झाला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. लांबूनच दार बंद करा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

उन्हाळा, फटाके, एकटं राहणं

एप्रिल-मेमध्ये जुनी खोड उकरून निघण्याचं साधं कारण म्हणजे फिरणं बंद होतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत डांबर तळव्याला भाजतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याला नेऊ नका. पहाटे आणि रात्री उशिरा न्या. मधल्या वेळेत डोक्याला काम द्या. जुन्या टॉवेलवर भाकरीचे बारके तुकडे आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या पसरून टॉवेल गुंडाळून द्या. नाकानं हुंगत, उलगडत, शोधत ते पंधरा मिनिटं रमतं आणि नंतर झोपतं. स्पिट्झच्या केसांचं कुत्रं उन्हाळ्यात गोटा करू नका. तो कोट त्याला उन्हापासूनही वाचवतो. रोज विंचरून आतला मऊ थर मोकळा करा.

फटाके आणि डीजेला घाबरणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतल्यानं भीती वाढते असं म्हणतात, ते खरं नाही. भीती ही खोड नाही. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून जवळ बसा. दिवाळीच्या आधी महिनाभर पशुवैद्यकाशी बोललात तर फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषध असतं.

घरचे येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतावर गेले आणि मागं कुत्र्यानं दार ओरबाडलं, तर ते रुसून केलेलं नसतं. एकटं राहणं त्याला शिकवलेलंच नसतं. किल्ली उचला आणि परत ठेवा. दार उघडून बंद करा. अर्धा मिनिट बाहेर थांबून आत या. मग दोन मिनिटं, मग पाच. ते अस्वस्थ व्हायच्या आत परतायचं.

इतकं करूनही महिना-दीड महिन्यात फरक पडत नसेल, किंवा चावणं दुसऱ्यांदा झालं असेल, तर तज्ज्ञाला दाखवा. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जिल्ह्याच्या गावांत खासगी पशुवैद्यकही आहेत. जाण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहा: खोड किती वाजता झाली, त्याआधी काय घडलं, त्यानंतर कुणी काय केलं. तिसरा रकाना घरातल्या सगळ्यांनी मिळून भरा. आणि लांबून, कुत्र्याला न डिवचता, मोबाइलवर एक व्हिडिओ काढून न्या. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं अंग चोरून बसतं. घरी जे करतं त्यातलं काहीच तिथं करत नाही.